नवीन सत्राची नोंदणी: विषयनिवडीपासून परीक्षा फॉर्मच्या इनवर्डपर्यंत (नाशिक)

गोदाकाठ (धागाकर्ता)

जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारी आले की तेच प्रश्न दहा ठिकाणी विखुरतात, म्हणून हा एकच धागा. नाशकातली बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, तेव्हा मूळ मजकूर त्यांच्यासाठी. मुक्त विद्यापीठाची माहिती असणाऱ्यांनी खाली भर घालावी. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं गणित निराळं आहे, ते इथे नको.

"ॲडमिशन झालं" म्हणजे "नोंदणी झाली" असं समजू नका. एका सत्रात विद्यार्थ्याचं नाव चार वह्यांत चढावं लागतं. पहिली कॉलेजच्या ईआरपीची, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन कारभाराच्या प्रणालीची: फी, तुकडी, प्रॅक्टिकलची बॅच, रोल नंबर. दुसरी विद्यापीठाची: पात्रता (कागदपत्रं तपासून प्रवेशाला दिलेली मान्यता) आणि पीआरएन (विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक). तिसरी क्रेडिट साठवणारी, म्हणजे एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स), हल्लीच्या भाषेत अपार. चौथी परीक्षा फॉर्मची, जी सत्राच्या मध्यावर उघडते आणि तोवर निम्मी मुलं तिला विसरलेली असतात. एका वहीत नाव आलं म्हणून दुसरीत आपोआप येत नाही. कुठे कॉलेजचा कारकून चढवतो, कुठे तुम्हालाच भरावं लागतं.

या चारही ठिकाणी जुळायला हवा तो पेपरचा कोड. विषयाचं नाव जुळून भागत नाही. एकाच नावाचा थिअरीचा पेपर वेगळा, प्रॅक्टिकलचा वेगळा, जुन्या अभ्यासक्रमातला आणखी वेगळा. विषयनिवड भरून झाली की जी पावती निघते ती पीडीएफ म्हणून जपून ठेवा. परीक्षा फॉर्म भरताना तिच्याशीच ताडून पाहायचं आहे.

पहिल्या वर्षाचा क्रम असा ठेवा: आधी डिजिलॉकर आणि एबीसी आयडी, मग कॉलेजचा अर्ज आणि फी, मग विषयनिवड, मग पात्रतेचा अर्ज, आणि रॅगिंगविरोधी हमीपत्र. ते हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचं, दर शैक्षणिक वर्षाला ऑनलाइन भरायचं असतं. गेल्या वर्षीचा क्रमांक चालत नाही. दुसऱ्या सत्रापासून पीआरएन तोच राहतो, तेव्हा काम विषयनिवड आणि परीक्षा फॉर्म एवढंच उरतं.

क्रेडिटचा_हिशेब

चांगला धागा. विषय निवडण्याआधी आठवड्याचे तास मोजा, यादीतली नावं पाहून भुलू नका.

थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरलं तर थिअरीचं प्रत्येक क्रेडिट आठवड्याला १ तास खातं आणि प्रॅक्टिकलचं २ तास. सत्राला २२ क्रेडिट आहेत असं धरू. त्यात १६ थिअरीची आणि ६ प्रॅक्टिकलची असतील तर १६ + १२ = २८ तास वर्गात. सगळी थिअरी असलेल्या मुलाचे त्याच २२ क्रेडिटचे २२ तास. सिन्नर, निफाड, दिंडोरीहून एसटीनं येणाऱ्यांनी हा ६ तासांचा फरक आधी पाहावा.

गुण सोपे आहेत: १ क्रेडिटला २५. म्हणून २ क्रेडिटचा पेपर ५० गुणांचा, ४ क्रेडिटचा १०० चा. तीन वर्षांत २२ × ६ = १३२, चार वर्षांची ऑनर्स १७६.

लघुरूपांनी घाबरू नका. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर दुय्यम. ओई म्हणजे दुसऱ्या शाखेचा खुला विषय. व्हीएससी आणि एसईसी कौशल्याचे, एईसी भाषेचे, व्हीईसी मूल्यशिक्षणाचे (पर्यावरण वगैरे), आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरा, सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, योग, खेळ यांपैकी एक. सीसी "असंच" म्हणून भरतात आणि मग रविवारी शिबिराला बोलावलं की कुरकुर करतात. त्यालाही क्रेडिट आहेत, हजेरी आहे, आणि ती राहिली तर २ क्रेडिट खरोखर कमी पडतात.

पंचवटीकर

विज्ञान शाखेच्या मुलीला ओई म्हणून मानसशास्त्र घेता येईल का? आणि बारावीला अर्थशास्त्र घेतलेल्यानं ओईला पुन्हा अर्थशास्त्र घेतलं तर?

क्रेडिटचा_हिशेब

पहिल्याचं उत्तर हो, मानसशास्त्र मानव्यविद्या शाखेत येतं, कॉलेज तो पर्याय देत असेल तर. ओई आपल्या मेजरच्या शाखेबाहेरचाच हवा. दुसऱ्याचं उत्तर नाही असंच धरून चाला. बारावीला शिकलेला विषय या खुल्या गटात परत घेऊ नये असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) आराखड्यातच लिहिलं आहे. सोपा म्हणून घेतला आणि छाननीत अडकला, तर तोवर बाकीच्या ओईच्या जागा भरलेल्या असतात.

ओईची तिसरी पसंतीसुद्धा मनापासून भरा. पुरेशी मुलं आली नाहीत तर ती बॅच उघडतच नाही, आणि मग ईआरपी पुढच्या पसंतीवर टाकतं. पसंती रिकामी असेल तर कॉलेज जिथे जागा असेल तिथे बसवतं. वर तक्रार करायलाही जागा उरत नाही.

सातपूरचा_मास्तर

बीएस्सीच्या पालकांसाठी एक. ज्या अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे असतात, तिथे दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर होतो, एक मायनर, आणि तिसरा सुटतो. म्हणजे पहिल्या सत्राची विषयनिवड हीच पुढच्या पदवीची निवड. रसायनशास्त्रात पदवी हवी असेल आणि जागा नाही म्हणून पहिल्या सत्रात तो विषयच सोडला, तर दुसऱ्या वर्षी मागच्या दारानं येता येत नाही. कारकुनाला "नंतर बदलून मिळेल ना?" असं विचारू नका, विषय बदलण्याची शेवटची तारीख विचारा. ती तारीख नोटीस बोर्डावर असते, ईआरपीत बहुतेक वेळा नसते.

कॉलेज_रोडची_झेरॉक्स

आमच्यासारख्यांच्या दुकानात फॉर्म भरून घेणाऱ्यांना हात जोडून विनंती. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. गर्दीच्या दिवशी दुकानदार वेळ वाचवायला स्वतःचा नंबर टाकतो, ओटीपी त्याच्याकडे येतो, फॉर्म पाच मिनिटांत होतो. पुढच्या सत्रात पासवर्ड विसरला की ओटीपी पुन्हा त्याच दुकानात जातो, आणि तोवर त्यानं सिम बदललेलं असतं. पासवर्ड पावतीच्या मागे लिहून घ्या.

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, सही कोऱ्या कागदावर काळ्या पेनानं, पूर्ण नावाची किंवा नेहमीची. परीक्षा हॉलमध्ये तीच जुळवतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकसलेला असतो, तो चढवला की हॉल तिकिटावर चेहरा ओळखू येत नाही. मूळ फाइल आणा.

गोदाकाठ

एबीसीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच अडतात.

डिजिलॉकरमध्ये आधार आणि त्याला जोडलेल्या मोबाइलच्या ओटीपीनं लॉगिन करा. शोधपट्टीत एबीसी किंवा अपार टाका, विद्यापीठ निवडा, प्रवेशाचं वर्ष भरा. १२ अंकी क्रमांक मिळतो. तो आयुष्यभर एकच. कॉलेज बदललं, विद्यापीठ बदललं, तरी नवा काढायचा नाही. आधाराला जोडलेला नंबर वडिलांचा जुना, बंद पडलेला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदला, बाकी सगळं त्यानंतर.

अडचण नावाची येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुधा नाव, वडिलांचं नाव, आडनाव. क्रम वेगळा असला की कधी जुळतं, कधी नाही. पण स्पेलिंग वेगळं असेल तर अडणारच. आधार दुरुस्त करताना जपून: नाव आयुष्यात २ वेळाच बदलता येतं, जन्मतारीख १ वेळा, लिंगाची नोंद १ वेळा. म्हणून गुणपत्रिका समोर ठेवून एकाच फेरीत अचूक करून घ्या. गुणपत्रिका बदलून आणणं त्याहून कितीतरी किचकट.

आणखी एक गैरसमज. क्रेडिट विद्यार्थ्याला स्वतः चढवता येत नाहीत, ती विद्यापीठ चढवतं, आणि तुमचा आयडी त्यांच्याकडे नोंदलेला असेल तरच. डिजिलॉकरमध्ये शून्य दिसत असेल तर आयडी कॉलेजकडे पोचला आहे का ते आधी पाहा. साठवलेली क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात, तेव्हा मध्येच शिक्षण सोडून परत येणाऱ्यांनी तारीख लक्षात ठेवावी.

दिंडोरी_रोड

सीबीएसईहून बारावी झालेल्यांना पात्रतेसाठी वेगळं काही लागतं का?

सातपूरचा_मास्तर

हो, स्थलांतर प्रमाणपत्र. राज्य मंडळाच्या मुलांना ते लागत नाही, म्हणून कॉलेजच्या यादीत ते शेवटी बारीक अक्षरात असतं आणि नजरेतून सुटतं. ते मिळेपर्यंत तात्पुरती पात्रता मिळते, वर्ग चालू राहतात, परीक्षाही देता येते. पण अंतिम पात्रता झाली नाही तर निकाल राखून ठेवतात. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनाही हेच लागू. प्रवेशाच्या दिवशीच मंडळाकडे अर्ज करून टाका, दिवाळीची वाट पाहू नका.

ओझरची_ताई

ऑनलाइन फी भरली, खात्यातून पैसे गेले, ईआरपीत "प्रलंबित" दिसतंय. दुसऱ्यांदा भरावी का? उद्या शेवटची तारीख आहे.

क्रेडिटचा_हिशेब

ताई, लगेच दुसऱ्यांदा नको. बँकेच्या ॲपमधून व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक घ्या, त्याचा स्क्रीनशॉट आणि पीआरएन किंवा अर्ज क्रमांक कॉलेजच्या लेखा विभागाला आजच ईमेल करा. ईमेलच करा, फोनवर बोललेलं शाबीत करता येत नाही. तारीख उलटली तर "फी मुदतीत भरली होती" याचा तोच पुरावा.

यूपीआयनं व्यापाऱ्याला दिलेले पैसे पोचले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. तोवर लेखा विभाग म्हणालाच "परत भरा", तर ते लेखी घ्या, मग भरा.

स्वयंअध्ययन

स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचे कोर्स क्रेडिटसाठी घेणाऱ्यांनी नोंदणी दोनदा असते हे ध्यानात ठेवावं. कोर्सला नाव घालणं मोफत, ते एका क्लिकवर होतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिला शुल्क आहे आणि तिची मुदत वेगळी. बारा आठवडे असाइनमेंट भरून परीक्षेला नोंदणीच न केलेली मुलं दर सत्राला सापडतात.

कोर्स जुलैत आणि जानेवारीत सुरू होतात. एनपीटीईएलच्या (स्वयमवरच्या, आयआयटींनी चालवलेल्या) कोर्सात साधारण ४ आठवड्यांना १ क्रेडिट, ८ ला २, १२ ला ३. अंतिम गुणांत असाइनमेंट २५ आणि परीक्षा ७५. १२ आठवड्यांच्या कोर्सात उत्तम ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्यात उत्तम ६. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० दोन्ही हवेत. एकात भरपूर मिळाले म्हणून दुसरं भरून निघत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: कोर्स घेण्याआधी कॉलेजच्या समन्वयकाकडून तो कुठल्या पेपरऐवजी धरला जाईल ते लेखी घ्या. सत्राच्या क्रेडिटपैकी ४० टक्क्यांपर्यंत ऑनलाइन चालतात असं आयोग म्हणतो, पण कुठला कोर्स धरायचा ते संस्था ठरवते. ३ क्रेडिटचा कोर्स ४ क्रेडिटच्या पेपरऐवजी बसत नाही, हे साधं गणितही लोक शेवटी करतात.

गंगापूर_धरण

मुक्त विद्यापीठाबद्दल. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय गोवर्धनला असलं तरी तुमचं रोजचं काम अभ्यासकेंद्राशी. मुख्यालयात खेटे घालून उपयोग नाही. अर्ज भरताना केंद्र नीट निवडा, कारण संपर्कसत्रं, गृहपाठ आणि प्रॅक्टिकल तिथेच. नाशिकरोडला राहणाऱ्यानं यादीत पहिलं दिसलं म्हणून त्र्यंबकेश्वरकडचं केंद्र निवडलं तर वर्षभर रविवारी प्रवास. शिवाय २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, त्या काळात त्या रस्त्याचं काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको.

नव्यानं दूरशिक्षणाला प्रवेश घेणाऱ्यांना एबीसीशिवाय डीईबी आयडीही लागतो. तो अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवर काढायचा, आणि त्यासाठी एबीसी आयडी आधी हवा. क्रम उलटा केला तर अर्ज पुढेच सरकत नाही.

एकाच वेळी दोन पदव्या, एक नियमित आणि एक मुक्त, हे २०२२ पासून चालतं. मात्र परीक्षेच्या तारखा एकमेकींवर आल्या तर कुठलंही विद्यापीठ तुमच्यासाठी पेपर हलवत नाही.

पंचवटीकर

महाडीबीटीचं, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाचं, नूतनीकरण याच काळात असतं ना?

गोदाकाठ

प्रवेश नक्की झाल्यावर. दुसऱ्या वर्षापासून नवा अर्ज करायचा नाही, नूतनीकरण निवडायचं. नवा केला की जुना आणि नवा दोन्ही अडकतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि शेवटी जे खातं जोडलं तेच धरलं जातं. कुणी मध्येच नवं खातं उघडताना आधार जोडलं असेल तर शिष्यवृत्ती तिकडे जाते. आधारच्या साइटवर बँक जोडणीची स्थिती दिसते, अर्जाआधी पाहून घ्या. बाकीच्या तपशिलाला वेगळा धागा काढू, इथे फाटे नकोत.

सिडकोचा_एटीकेटी

परीक्षा फॉर्मवर कुणी नीट लिहील का? बॅकलॉग असताना काय करायचं, ते कॉलेजात कुणी सांगत नाही.

सातपूरचा_मास्तर

लिहितो. फॉर्म पीआरएननं लॉगिन करून उघडतो. चालू सत्राचे सक्तीचे पेपर आधीच टिक झालेले असतात. ऐच्छिक पेपर तुम्ही निवडायचे, आणि इथेच गफलत होते, कारण यादीत सगळ्या कॉलेजांचे सगळे पर्याय दिसतात. विषयनिवडीच्या पावतीवरचा कोड पाहून टिक करा.

बॅकलॉगचे पेपर वेगळ्या सत्राखाली दिसतात, ते आपोआप टिक होत नाहीत. दोन गोष्टी तपासा. एक, कुठला भाग राहिला आहे: अंतर्गत की लेखी? गुणपत्रिकेवर दोन्ही वेगळे छापलेले असतात. लेखीत नापास, अंतर्गत पास असेल तर फक्त लेखी भरायचं. अंतर्गत राहिलं असेल तर फॉर्म भरून भागत नाही, विभागात जाऊन पुन्हा चाचणी कधी ते विचारावं लागतं. दुसरं, अभ्यासक्रमाचं वर्ष. २०१९ च्या आणि २०२४ च्या अभ्यासक्रमात एकाच नावाचा पेपर असू शकतो. जुन्या विद्यार्थ्यानं नव्याचा कोड टिक केला तर प्रश्नपत्रिका चुकीची येते, आणि पास होऊनही जुना पेपर तसाच राहतो.

फॉर्म भरला की प्रिंट, सही, फी, आणि कॉलेजात जमा. मग कॉलेज तो विद्यापीठाकडे इनवर्ड करतं, म्हणजे रीतसर दाखल करतं. इनवर्ड होईपर्यंत विद्यापीठाच्या लेखी फॉर्मच नाही. विनाविलंब मुदत, मग विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क अशा तीन पायऱ्या. विद्यार्थ्याची तारीख आणि कॉलेजनं इनवर्ड करायची तारीख परिपत्रकात वेगवेगळ्या असतात, दोन्ही वाचा.

चूक इनवर्डच्या आधी लक्षात आली तर कॉलेजच फॉर्म परत उघडून देतं, दोन मिनिटांचं काम. इनवर्डनंतर प्राचार्यांच्या पत्रानं परीक्षा विभागाकडे जावं लागतं, शुल्क पडतं, आठवडा जातो.

सिडकोचा_एटीकेटी

आभार. फॉर्म जमा करून चार दिवस झाले, स्टेटस अजून "इनवर्ड नाही" असंच आहे. काळजी करावी का?

सातपूरचा_मास्तर

कॉलेजं फॉर्म गठ्ठ्यानं इनवर्ड करतात, त्यामुळे चार दिवस फार नाहीत. पण कॉलेजसाठीच्या तारखेच्या दोन दिवस आधीही तेच दिसलं तर पावती घेऊन परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा, आणि फॉर्मचा क्रमांक वाचून दाखवा. नुसतं नाव सांगू नका, एकाच नावाची चार मुलं असतात. फी बाकी दिसत असेल तर लेखा विभागाचा शिक्का राहिलेला असतो, तो आधी घ्या. हॉल तिकीट आलं की त्यावरचे कोड फॉर्मच्या प्रिंटशी एकेक करून लावून पाहा. बॅकलॉगचा पेपर बहुतेक वेळा दुसऱ्या पानावर असतो, आणि दुकानदार एकच पान छापून देतो.

कॉलेज_रोडची_झेरॉक्स

दोन्ही पानं छापतो मास्तर, लोकच म्हणतात एक पुरे.